फोडलेल्या लखोट्यांचे दप्तर: फ्रान्समधील हिंदी टपालाच्या सेन्सॉर अहवालांचे परीक्षण

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढणाऱ्या हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातल्या, सैनिकांची पत्रे वाटेत उघडणारे, त्यांतील निवडक मजकूर इंग्रजीत उतरवणारे आणि त्यावर शेरे मारून वरिष्ठांकडे धाडणारे एक छोटे कार्यालय १९१४च्या अखेरीपासून १९१८पर्यंत काम करत होते. या कार्यालयाने तयार केलेले टंकलिखित अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस या हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या लष्करी दप्तरात, एल/एमआयएल/५/८२५ ते ८२८ या क्रमांकांखाली जतन केलेले आहेत. महायुद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने त्यांची पाने स्कॅन होऊन युरोपियाना या प्रकल्पामार्फत सर्वांसाठी खुली झाली, आणि तेव्हापासून लंडनला न जाता ती वाचण्याची सोय झाली. हे परीक्षण या दप्तराचे आहे. परंतु दप्तर ही येथे नुसती जुन्या कागदांची चळत नाही. ते एका सेवेचे उत्पादन आहे, त्या सेवेला ठरावीक ग्राहक होते आणि त्यांनी तिच्याकडून ठरावीक अपेक्षा बाळगली होती. म्हणून ती सेवा आपल्या मूळ ग्राहकांच्या किती उपयोगी पडली आणि आज मराठी वाचकाच्या हाती काय पडते, हे दोन्ही तपासणे मला आवश्यक वाटते.

सेवेचा उगम साधा आणि काहीसा घाबरट होता. सप्टेंबर १९१४च्या अखेरीस हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या, आणि युरोप-अमेरिकेत राहणारे हिंदी क्रांतिकारक या शिपायांच्या हातांत गदरसारखी पत्रके पोहोचवतील अशी धास्ती सरकारला वाटू लागली. संशयास्पद टपाल अडवण्यासाठी एका माणसाची नेमणूक झाली. सनदी नोकरीतला आणि युद्धासाठी दुभाषा म्हणून सैन्यात आलेला हा अधिकारी म्हणजे एव्हलिन बर्कली हॉवेल. रूआँ येथे सुरू झालेले हे काम पुढे बूलोनला हलले. सुरुवातीला फक्त बाहेरून सैनिकांकडे येणाऱ्या टपालावर नजर होती. लवकरच सैनिक घरी पाठवत असलेली पत्रे, इंग्लंडमधील ब्रायटन आणि ब्रॉकनहर्स्ट येथील हिंदी इस्पितळांतून जखमींनी लिहिलेली पत्रे आणि हिंदुस्थानातून आलेली उत्तरे हे सगळेच या टेबलावर येऊ लागले. १९१५च्या वसंतात हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते, आणि ती वाचणारे हात मोजके होते. त्यामुळे ही सेवा पहिल्या दिवसापासून नमुना वाचणारी होती, सर्व काही वाचणारी नव्हती, ही गोष्ट प्रत्येक पान उलटताना ध्यानात ठेवायला हवी.

टपाल येथे पोहोचण्याआधी पलटणीतच एकदा चाळले जात असे. रेजिमेंटच्या अधिकाऱ्याने आपल्या शिपायांची पत्रे तपासावीत असा नियम होता, आणि शिपायांनाही तो पक्का ठाऊक होता. म्हणजे सेन्सॉरच्या टेबलावर आलेले पत्र हे आधीच दोनदा गाळलेले असे. एकदा लिहिणाऱ्याने स्वतः हात आखडता घेतलेला असे, आणि नंतर साहेबाची नजर फिरलेली असे. त्यातही अनेक शिपाई निरक्षर असल्याने पत्र लेखनिकाकडून लिहून घेतले जाई, आणि गावी ते चारचौघांत मोठ्याने वाचले जाई. एवढे कान मध्ये असताना माणूस जे बोलतो, तेच या अहवालांत आहे. खाजगी मनोगत म्हणून ते वाचणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

आता उत्पादनाचे स्वरूप पाहू. साधारणपणे दर आठवड्याच्या अहवालात आरंभी सेन्सॉरने लिहिलेला आढावा असतो आणि त्यामागे उताऱ्यांची मालिका येते. प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचे नाव, जात किंवा जमात, पलटण, ठिकाण, ज्याला पत्र धाडले त्याचा पत्ता, तारीख आणि मूळ पत्राची भाषा अशी नोंद असते. शेवटी त्या पत्राचे काय झाले हेही अनेकदा लिहिलेले असते: पत्र पुढे जाऊ दिले, अमुक मजकूर खोडला, किंवा पत्र रोखून धरले. माझ्या मते या संपूर्ण दप्तरातली सर्वांत बोलकी जागा ही शेवटची ओळच आहे. सलग काही उतारे वाचून केवळ शेवटच्या शेऱ्यांची तुलना केली, तर सरकारला नेमके कशाचे भय होते याचा नकाशा आपोआप तयार होतो. युद्धात माणसे किती मरत आहेत याचे भयाण वर्णन असलेले पत्र कधीकधी पुढे जाते. ‘भावाला फौजेत भरती होऊ देऊ नका’ असा सल्ला असलेले मात्र सहसा अडकते. लेखकाच्या दुःखाशी या कार्यालयाला तसे वावडे नव्हते, भरतीच्या आकड्यांवर होणाऱ्या परिणामाशी होते.

ही सेवा कोणासाठी होती? अहवालाच्या प्रती भारतमंत्र्यांच्या कार्यालयात, युद्ध खात्यात, परराष्ट्र खात्यात, हिंदी तुकड्यांच्या सेनापतींकडे आणि थेट बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत जात असत. या यादीत गुप्तहेर पकडणाऱ्यांपेक्षा फौजेची नाडी पाहू इच्छिणारेच अधिक आहेत. टपाल फोडून हेर पकडण्याचे काम त्या काळात ब्रिटनमध्ये चालू होतेच, आणि त्याचे ठळक उदाहरण कार्ल हान्स लोडी याचे आहे. ऑगस्ट १९१४मध्ये हा जर्मन हेर एडिनबरोत येऊन राहिला आणि स्टॉकहोमच्या पत्त्यावर माहिती पाठवू लागला. ब्रिटिशांनी त्याचे टपाल वाचले, त्यातले एक पत्र मुद्दाम पुढे जाऊ दिले, कारण त्यात रशियन फौज ब्रिटनमार्गे आघाडीवर निघाल्याची भ्रामक बातमी होती आणि ती जर्मनीला पोहोचणे ब्रिटिशांच्या सोयीचे होते. अखेर त्याला अटक होऊन ६ नोव्हेंबर १९१४ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. तेथे एक पत्र, एक माणूस आणि एक निकाल असा सरळ हिशोब आहे. बूलोनच्या कार्यालयाला असा हिशोब कधी मांडता आला नाही. हजारो पत्रांतून एका फौजेची मनःस्थिती काढणे हे त्याचे काम होते, आणि त्याची गुणवत्ता त्याच मापाने जोखली पाहिजे.

त्या मापाने पाहता १९१५च्या पूर्वार्धातले अहवाल उत्तम आहेत, असे मी निःसंकोच म्हणेन. न्यूव्ह शापेलची लढाई मार्च १९१५मध्ये झाली, आणि तिच्या आगेमागे लिहिलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा वर येते. जखमी झालेल्या शिपायाला बरे झाल्यावर घरी न पाठवता पुन्हा खंदकात पाठवले जाते, ही ती तक्रार. एका जखमी शिपायाने स्वतःच्या स्थितीची तुलना भट्टीत दुसऱ्यांदा टाकलेल्या दाण्याशी केली आहे. पहिल्या वेळी एखादा दाणा वाचतो, दुसऱ्या वेळी नाही, असा त्याचा रोख. दुसऱ्या एका पत्रात हे युद्ध नसून जगाचा शेवट आहे, महाभारतात वर्णिलेले युद्ध असेच असणार, असे म्हटले आहे. हॉवेलने या पत्रांकडे निव्वळ कुरकुर म्हणून पाहिले नाही. जखमींना परत धाडण्याच्या धोरणामुळे फौजेचा धीर खचतो आहे, हा मुद्दा त्याने वरिष्ठांपुढे ठेवला. हिंदी पायदळ १९१५च्या अखेरीस फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) पाठवण्यात आले. त्यामागे अनेक लष्करी कारणे होती. तो निर्णय या अहवालांमुळेच झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण फौज थकली आहे ही माहिती निर्णय घेणाऱ्यांना सैनिकांच्याच शब्दांत उपलब्ध होती, आणि ती या सेवेमुळे होती.

हॉवेलच्या निरीक्षणशक्तीचा एक नमुना सांगितल्यावाचून राहवत नाही. जानेवारी १९१५च्या एका अहवालात तो म्हणतो की अनेक सैनिक आता पत्रांत कविता रचू लागले आहेत, आणि मनातील अस्वस्थतेचे ते अशुभ लक्षण आहे असे मानण्याकडे आपला कल आहे. हे वाक्य अनेकांनी गमतीने उद्धृत केले आहे, आणि त्यात साहेबी थाट आहे हे खरेच. परंतु हाच मनुष्य पुढे वायव्य सरहद्दीवर नोकरी करून, म्हातारपणी ओलाफ कॅरो यांच्यासोबत खुशालखान खटक या पश्तो कवीच्या कविता इंग्रजीत आणणार होता. म्हणजे कविता न कळणाऱ्या माणसाचा हा शेरा नव्हे. शिपाई गद्यात बोलू शकत नाही ते पद्याच्या आडोशाने बोलू पाहतो, हे त्याने ओळखले होते, आणि ओळखले म्हणूनच तो धास्तावला होता. मला हा शेरा संपूर्ण दप्तरातला सर्वांत प्रामाणिक शेरा वाटतो.

आडोसे अनेक होते. त्यांतला प्रसिद्ध आडोसा मिरीचा आणि मिरचीचा आहे. हिंदी शिपायांसाठी काळी मिरी आणि गोऱ्या शिपायांसाठी लाल मिरची असे शब्द योजून, काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरात आहे, पण काळी मिरी जास्त झणझणीत असते, अशा थाटाची वाक्ये लिहिली गेली. गावच्या माणसाला अर्थ कळायला फारसा विचार करावा लागला नसेल, आणि सेन्सॉरलाही लागला नाही. शंकेची जागा दाखवण्यासाठी सैनिक बहुधा ‘यावर विचार कर म्हणजे तुला समजेल’ असे काहीतरी शेजारीच लिहून ठेवत, हे हॉवेलने अचूक टिपले. सांकेतिक भाषेचा कुलूप-किल्लीचा खेळ येथे अपेक्षेपेक्षा बाळबोध आहे. कारण उघड आहे. समोरचा माणूस गावातला वडील किंवा भाऊ होता, त्याच्याशी आधी काही ठरलेले नव्हते, आणि त्याला चटकन उमजेल इतपतच संकेत गुंतागुंतीचा करता येत होता.

म्हणूनच वर्षभराच्या कामानंतर, १९१५च्या नोव्हेंबरात, हॉवेलने लिहिलेला आढावा या दप्तरातील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे असे मी समजतो. पौर्वात्य पत्रव्यवहारावरील सेन्सॉरशिप अडथळा म्हणून परिणामकारक ठरणे जवळजवळ अशक्य आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. काही निश्चित न बोलता माहिती पोहोचवण्यात हे लोक निष्णात आहेत, असे त्याचे कारण. या वाक्यातील सरसकट शिक्का आज खटकतो, आणि खटकायलाच हवा. त्यामागचा निष्कर्ष मात्र धंद्याच्या दृष्टीने विलक्षण आहे: सेवा पुरवणाराच ग्राहकाला सांगतो आहे की तुम्ही जे काम सांगितले ते आमच्याकडून होणार नाही, पण त्याऐवजी फौजेचे मन कळण्याचे दुसरे काम आम्ही चांगले करतो. ग्राहकाने हे मान्य केले आणि सेवा चालू ठेवली. बातमी थांबवण्यासाठी उघडलेले दुकान बातमी जमवण्याचे दुकान झाले ते असे.

आता उणिवांकडे वळतो. पहिली उणीव सर्वांत जड आहे. मूळ पत्रे, मोजके अपवाद सोडले तर, या दप्तरात नाहीत. उर्दू, गुरुमुखी लिपीतली पंजाबी, हिंदी, पश्तो अशा भाषांत लिहिलेले मूळ कागद पुढे टपालात गेले, गावोगावी पोहोचले आणि काळाच्या ओघात हरवले. आपल्या हाती येते ते कार्यालयात झालेले इंग्रजी भाषांतर. बोलणारा शिपाई, लिहिणारा लेखनिक, निवडणारा वाचक, भाषांतर करणारा कारकून आणि शेरा मारणारा अधिकारी अशा पाच माणसांमधून गाळून आलेला तो आवाज आहे. भाषांतराची इंग्रजी अनेकदा बायबलच्या वळणाची, भारदस्त आणि एकसुरी आहे, त्यामुळे जाट सवार आणि पठाण शिपाई एकाच माणसासारखे बोलतात. तरीही निवेदनाच्या मधोमध एखादी म्हण, एखादी शिवी, पिकाची किंवा म्हशीची चौकशी अचानक डोके वर काढते, आणि तेवढ्यापुरता तो पडदा बाजूला होतो.

दुसरी उणीव निवडीची आहे, आणि ती अधिक फसवी आहे. सेन्सॉर उतारा कशाचा घेई? जे लक्षणीय वाटले त्याचा. ‘मी खुशाल आहे, पैसे पोहोचले का, धाकट्याचे लग्न ठरले का’ एवढेच लिहिलेली पत्रे ढिगाने असणार, पण उताऱ्यांत त्यांचे प्रमाण कमी आहे. गोऱ्या बायकांविषयीची पत्रे मात्र भरपूर आहेत, कारण हिंदी शिपाई आणि युरोपीय स्त्रिया यांचा संबंध ही साहेबांची झोप उडवणारी बाब होती. सलग वाचणाऱ्याला वाटावे की फौज रात्रंदिवस याच एका विषयावर लिहीत होती. प्रत्यक्षात ती कार्यालयाची आवड आहे. त्याच पत्रांत एक वेगळा धागाही आहे आणि तो वाचण्याजोगा आहे: फ्रान्समधील शेतकरी कुटुंबांच्या घरी उतरलेले सवार, विशेषतः पायदळ गेल्यावर मागे उरलेले घोडदळाचे लोक, तेथील बायकांचे कष्ट, शिक्षण आणि घरातला मान पाहून गावी लिहितात की मुलींना शाळेत घाला. हा मजकूर सेन्सॉरच्या भीतीच्या कक्षेत बसला म्हणून टिकला, हा एक विचित्र योगायोग.

तिसरी उणीव आपली म्हणजे मराठी वाचकाची आहे. या दप्तरात मराठी शिपायाचा आवाज शोधायला जाणाऱ्याने अपेक्षा बेताची ठेवावी. फ्रान्समधील फौजेत पंजाब, सरहद्द, गढवाल आणि नेपाळ येथील माणसांचा भरणा होता. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या, आणि एप्रिल १९१६मध्ये कूतचा पाडाव झाला तेव्हा तेथेच कैद झाल्या. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे गावी त्या युद्धातील मृतांचे स्मारक उभे आहे, महाराष्ट्रातील इतरही गावांत तशा शिळा आहेत, पण त्या गावांच्या घरी मेसोपोटेमियातून आलेली पत्रे या अहवालांत क्वचितच सापडतील. बूलोनच्या टेबलावर येणारे टपाल मुख्यतः फ्रान्स आणि इंग्लंडचे होते. मराठी लष्करी इतिहास लिहिणाऱ्याने या दप्तराला आधारग्रंथ करू नये. शेजारच्या खोलीतले संभाषण म्हणून ऐकावे.

वापराच्या दृष्टीने काही गोष्टी. पाने टंकलिखित असल्याने हस्ताक्षराचा त्रास नाही, मात्र अनेक प्रती कार्बनच्या असल्याने काही ठिकाणी अक्षरे पुसट आहेत. गावांची आणि माणसांची नावे इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. एकच गाव दोन-तीन वर्णांतरांनी येऊ शकते, हे धरून शोध घ्यावा. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३मध्ये मोठा सायबर हल्ला झाला आणि तिच्या अनेक ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या, त्यामुळे जुने दुवे उघडत नसतील तर त्याचे आश्चर्य वाटू नये. दप्तराचे क्रमांक टिपून ठेवले की वाट पुन्हा सापडते. इंग्रजीत या पत्रांचे संपादित संग्रह निघालेले आहेत आणि नवख्याने तेथून सुरुवात करायला हरकत नाही, पण संपादित संग्रहात सेन्सॉरचे आठवड्याचे आढावे मागे पडतात. माझ्या लेखी तर खरी गंमत त्यांच्यातच आहे. निव्वळ पत्रे वाचली की शिपाई भेटतो. आढाव्यासह वाचली की शिपायाला वाचणारा माणूसही भेटतो, आणि हे दप्तर मुळात त्याचे आहे.

पहिल्या युद्धातली ही पद्धत पुढेही वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेतील हिंदी फौजेच्या टपालावर असेच नियतकालिक अहवाल तयार झाले. तेथे घरच्या महागाईची आणि १९४३च्या सुमारास धान्यटंचाईची काळजी सतत दिसते, म्हणजे सरकार आपल्याच दुष्काळाची झळ शिपायांच्या टपालातून मोजत होते. ते अहवाल अधिक कोरडे, अधिक तक्तेवजा आहेत. हॉवेलसारखा लिहिणारा त्यांना लाभलेला नाही.

ज्याला युद्धाच्या डावपेचांत रस आहे त्याला हे दप्तर निराश करील, कारण खंदकांची ठिकाणे आणि हल्ल्यांचे बेत यांत जवळपास नाहीतच, ते आधीच खोडले गेले होते. ज्याला वसाहतीचे सरकार आपल्या शिपायाला कसे वाचत होते हे पाहायचे आहे, त्याला यापेक्षा चांगला साधनसंग्रह मला माहीत नाही. वेळ थोडा असेल त्याने आधी नोव्हेंबर १९१५चा वार्षिक आढावा वाचावा, मग मागे जाऊन जानेवारी ते जून १९१५चे अहवाल क्रमाने घ्यावेत, आणि शेरे वाचल्याशिवाय एकही उतारा सोडू नये. १९१६नंतरची पाने हप्त्याहप्त्याने वाचली तरी चालतील. घोडदळाच्या दीर्घ प्रतीक्षेच्या त्या वर्षांत पत्रांचा सूर सैल झालेला आहे, आणि सेन्सॉरही थोडा कंटाळलेला दिसतो.